मेंटेनन्स नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

"मॅडम, हिला मेंटेनन्स असा नाहीच. ऑइल नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही. चार्जिंगला लावायची आणि फिरवायची!" इलेक्ट्रिक स्कूटर बघायला शोरूममध्ये गेलेल्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलेलं असतं. ते खोटंही नसतं. ऑइल खरंच नाही, प्लग खरंच नाही. पण चाकं आहेत, ब्रेक आहेत, हातभर वायरी आहेत, वर पावसाळा आहे आणि खाली आपले रस्ते आहेत. मग गाडी बिघडणार कशी नाही? बिघडणारच. माझी तक्रार तिच्या बिघडण्याबद्दल नाहीच. बिघडल्यावर ती उघडायची कोणी, हा माझा प्रश्न आहे.

माझी आई लुनावर शाळेत शिकवायला जायची. लुना आणि बजाज चेतक, दोन्ही १९७२ सालच्या. आईच्या पिशवीत वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर एक प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असे. इंजिनातलं तिला काही कळत होतं अशातला भाग नाही. पण गाडी बंद पडली की पहिल्यांदा काय बघायचं, दुसऱ्यांदा काय बघायचं, हे तिला पाठ होतं. प्लग काढायचा, काजळी घासायची, पुन्हा बसवायचा. त्यानेही नाही झालं तर ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत. चेतकवाले बाबालोक तर स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारायचे. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांनी हा सकाळचा व्यायाम पाहिला असेल! नंतर किनेटिक होंडा आली, स्कूटी आली, किकही गेली. बायका मोठ्या संख्येने गाडीवर बसल्या त्या तेव्हापासून. पण गॅरेज कोपऱ्यावरच राहिलं.

आता आमच्या मीरा-भाईंदरविषयी थोडं. मुंबईच्या वेशीबाहेर, पण जिल्हा ठाणे. २००२ मध्ये महापालिका झाली. मीरा रोड आणि भाईंदर ही दोन स्टेशनं, आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने उभ्या इमारती. एका अंगाला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. इलेक्ट्रिक स्कूटरला हे गाव अगदी सोयीचं. स्टेशन, शाळा, भाजी मार्केट, क्लास, सगळं दोन-चार किलोमीटरच्या आत. पण हवा खारी. बाल्कनीच्या ग्रीलला दर दोन वर्षांनी रंग लागतो, तर वायरीच्या जोडांचं काय होत असेल? तांब्याच्या पिनांवर तो हिरवट थर चढतो ना, देवघरातल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा, तोच. चिंच लावून घासायची सोय मात्र इथे नाही. त्यातून जुलैमध्ये पाणी तुंबलं की पार्किंगमधल्या गाड्या चाकाच्या आसापर्यंत पाण्यात.

आमच्या घरात गाडी माझी आणि जाऊबाईंची मिळून आहे. त्या सकाळी भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यांवर डबे पोचवतात, बत्तीस डबे. दुपारनंतर गाडी माझी, क्लासला जायला. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी गाडीचा डिस्प्लेच लागेना. रात्री मोबाइलवर तर ८४ टक्के चार्जिंग दाखवत होतं. मग झालं काय? मोठ्या बॅटरीशिवाय या गाडीत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. डिस्प्ले, दिवे, लॉक हे सगळं तिच्यावर चालतं, आणि मोठ्या बॅटरीला 'ऊठ' म्हणून सांगायचं कामही तिचंच. ती छोटी मेली की मोठी भरलेली असून नसल्यासारखी. आता गंमत बघा. ती छोटी बॅटरी सीटखाली. सीट उघडतं बटणाने. आणि ते बटण चालतं त्याच छोट्या बॅटरीवर! हँडलचं लॉकही विजेवरचं, त्यामुळे गाडी ढकलताही येईना. शेवटी सोसायटीतल्या चौघांनी उचलून ती टेम्पोत घातली, एखाद्या वरातीतल्या नवरदेवासारखी.

अकरा दिवस गाडी सर्व्हिस सेंटरला. त्यातले दहा नुसते रांगेत, काम तासाभराचं. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की कंपनी बदलली तरी गोष्ट फारशी बदलत नाही. या अकरा दिवसांत जाऊबाई दोन-दोन पिशव्या घेऊन रिक्षाने गेल्या. बत्तीस डब्यांतून रोज सुटणाऱ्या पैशांपैकी दीडशे रुपये रिक्षालाच. दोन गिऱ्हाइकं उशिराच्या कारणाने तुटली, ती तुटलीच. बिलात लिहिलेली बॅटरीची किंमत यापुढे काहीच नव्हती. बाईच्या गाडीचा खर्च कधी बिलात मावतच नाही.

तुम्ही म्हणाल, नाक्यावरच्या मेकॅनिककडे का नाही नेली? नेण्याआधी त्यालाच बोलावलं होतं. आमचे चाचा तीस वर्षं गाड्या उघडताहेत, आवाजावरून आजार सांगतात. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हात पुसत म्हणाले, "भाभी, बनाने को बना दूँ, पर ये खोलने ही नहीं देती." अगदी बरोबर. या गाडीचा दोष कळायला कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लावावा लागतो आणि तो चाचांना कोणी देत नाही. पार्ट बाजारात सुटा मिळत नाही. मिळाला तरी काही गाड्यांत तो कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंदवल्याशिवाय गाडी त्याला ओळखत नाही. आणि बाहेरच्या माणसाने पेटी उघडली तर वॉरंटी जाण्याची टांगती तलवार. साध्या मागच्या चाकाच्या पंक्चरलासुद्धा पंक्चरवाला बिचकतो, कारण बऱ्याच गाड्यांत मोटर त्या चाकातच असते आणि चाक काढायचं म्हणजे आधी तिच्या जाड वायरी सोडवायच्या. चाचांचं कौशल्य कमी पडलेलं नाही. त्यांना बाहेर उभं केलंय.

मग घरीच शिकून घ्यावं का? घरात मिक्सरची कार्बन ब्रश बदलणाऱ्या, इस्त्रीची वायर जोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या हाताला कमी लेखायचं माझ्या मनातही नाही. पण इथे एक रेघ मारायलाच हवी आणि ती मी जाड मारणार आहे. मोठी बॅटरी घरात उघडायची नाही. आपण नाही, ओळखीच्या इलेक्ट्रिशियननेही नाही, "सेल बदलून स्वस्तात नवी करून देतो" म्हणणाऱ्यानेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये खाडीपलीकडे, आमच्या शेजारच्या वसईत, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणी स्कूटरना आगी लागल्या, पुण्यात भर रस्त्यावर लागली. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आज नवीन घेताना बॅटरी या नियमांनंतरची आहे ना, हे विचारायला हवं. सेकंडहँड घेताना तर दोनदा.

बॅटरी काढून वर नेता येते, ही सोय म्हणून सांगतात. दहा-बारा किलोचं ते धूड बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर रोज नेऊन बघा म्हणजे सोय कोणाची ते कळेल. आणि वर नेल्यावर ठेवतो कुठे? दाराशी, पॅसेजमध्ये. म्हणजे काही झालंच तर पळायची वाट तीच. बॅटरी झोपायच्या खोलीत नको, दारात नको, पडद्याजवळ नको. गाडीवरून आल्या आल्या लगेच लावायची नाही, अर्धा तास थंड होऊ द्यायची. एक्स्टेन्शन बोर्डवर नाही, जाड पिनांच्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवरच, आणि त्याला अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्यायचं. जुन्या इमारतींत अर्थिंगची तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते! रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग चालू ठेवायचं नाही. तीन युनिटची बॅटरी तीन-साडेतीन युनिट वीज खाते, ती संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळात बऱ्यापैकी भरते.

सगळ्यात चांगलं म्हणजे खाली पार्किंगमध्ये पॉइंट. तिथे सोसायटी आडवी येते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्या घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली. पण कमिटीच्या बैठकीत हे सांगितलं की "भडका उडाला तर जबाबदार कोण?" एवढाच प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पण बाईने बॅटरी चौथ्या मजल्यावर नेऊन स्वयंपाकघराशेजारी लावली तर तो भडका कमिटीला चालतो का? पॉइंट उघड्या हवेच्या जागी, वेगळ्या एमसीबीसकट बसवा म्हणायचं. जिन्याखाली मात्र नको.

रेघेच्या अलीकडचं बरंच काही आपल्या हातातलं आहे आणि ते करायलाच हवं. टायरमधली हवा आठवड्याला बघणं. हवा कमी की चार्जिंग लवकर संपतं. ब्रेकचा आवाज ऐकणं. धुताना प्रेशरचा पंप न मारता ओल्या फडक्याने पुसणं. गावाला जाताना बॅटरी अगदी रिकामी किंवा अगदी भरलेली न ठेवता अर्ध्यावर ठेवणं. एमसीबी कुठे आहे, सीटची आणीबाणीची केबल कुठे आहे, हे गाडी चालू असतानाच शोधून ठेवणं. आमच्या गाडीला तशी केबल होती, पुढच्या एका झाकणामागे. सर्व्हिस सेंटरच्या पोराने ती ओढून सीट उघडलं, तेव्हा कळलं. माहितीपुस्तकात तिचा उल्लेख होता, पण नुसत्या चित्रातल्या बाणाने, नाव-गाव नसलेला.

हे सगळं आमच्याच घरचं रडगाणं आहे असं समजू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात एकट्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली, कंपनीने ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं कळवलं. (आमची गाडी त्या कंपनीची नाही, हे स्पष्ट करते.) सरकारने एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळातल्या योजनेत अशा गाड्यांना सबसिडी दिली, ती बॅटरीच्या क्षमतेवर मोजून. एका युनिटमागे आधी १० हजार रुपये, जून २०२१ पासून १५ हजार, जून २०२३ मध्ये पुन्हा १० हजार. ही योजना संपल्यावर दुसरी आली. सबसिडीची रक्कम ठरवताना बॅटरी मोजली. सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, हे नाही मोजलं. ते मोजलं असतं, तर बघता बघता तालुक्यातालुक्यात मेकॅनिक उभे राहिले असते.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. वस्तू विकत घेतली म्हणजे ती कोणाकडून दुरुस्त करायची हे ठरवायचा हक्कही मिळाला, असा तो विचार. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, असे चार गट धरले. कंपन्यांनी माहिती द्यावी म्हणून पोर्टलही निघालं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मला वाटतं, बॅटरीची पेटी कंपनीने खुशाल स्वतःकडे ठेवावी, पण बाकी गाडी चाचांना उघडता आली पाहिजे. सुटे भाग दुकानात मिळाले पाहिजेत, दोष वाचायचं यंत्र विकत मिळालं पाहिजे, त्याचं शिक्षण मिळालं पाहिजे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा अभ्यासक्रम आलाय, पण चाचांच्या वयाचा माणूस दोन वर्षं वर्गात कसा बसेल? आठवड्याची शिबिरं घ्यायला काय हरकत आहे?

यात एक उफराटी गोष्ट अशी, की ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, नंबर प्लेट न लागणाऱ्या स्वस्त गाड्या नाक्यावर दुरुस्त होतात. त्यांचा कंट्रोलर, चार्जर, एक्सलेटर बाजारात सुटा मिळतो. महाग, 'स्मार्ट' गाडी तेवढी हात लावू देत नाही.

जिथे गावात शोरूम आहे पण सर्व्हिस जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथे अकरा दिवसांचे वीस व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून घेण्याआधी मायलेज आणि रंग नंतर विचारा. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, तिथे गाडी न्यायचा खर्च कोणाचा, छोटी बॅटरी आणि ब्रेक पॅड काउंटरवर मिळतात का, बाहेर पंक्चर काढलं तर वॉरंटी राहते का, हे आधी. उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचीही चालतील. बिघाडानंतर दाद मिळाली नाही तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा.

माझी नणंद कऱ्हाडला असते, तिला यंदा गाडी घ्यायची आहे. तिने शोरूमला फोन करून हे सगळे प्रश्न एका दमात विचारले. तिकडे थोडा वेळ शांतता. "ताई, साहेबांना विचारून सांगतो." दोन दिवसांनी फोन आला. सर्व्हिस सेंटर साताऱ्याला आहे, छोटी बॅटरी चार दिवसांत मागवून देऊ, पंक्चर बाहेर काढलं तर चालेल. सीटच्या केबलचं मात्र ते अजून विचारून सांगताहेत. तोवर नणंदेने पैसे भरलेले नाहीत.