आधी भाकर, मग उपदेश



काही घरांत एखादे मूल असे असते की, त्याच्याविषयीच्या तक्रारी संपता संपत नाहीत. ते वर्गात बसल्या जागी बसत नाही, हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकते, मिस्सेच्या वेळी बाकावर सारखी चुळबुळ करते. दिवसभराचा गोंगाट, अभ्यासाचा तगादा व मोठ्यांची बोलणी यांचा भार सायंकाळी एकवटला म्हणजे क्षुल्लक निमित्ताने त्याचा बांध फुटतो. मग ते किंचाळते, वस्तू फेकते, नाहीतर कोपऱ्यात तोंड लपवून बसते. शेजारी म्हणतात, लाडाने बिघडले. आजी दृष्ट काढते. वडील छडी शोधतात. अशा मुलांच्या मातापित्यांशी आज चार शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते.

प्रत्येक खोडकर मुलास आजार असतो असे नव्हे. परंतु लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावीळपणा ही लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसू लागली, सहा महिने टिकली, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी आढळली, तर डॉक्टर एडीएचडी या अवस्थेचा विचार करतात. ही काही कालपरवाची कल्पना नव्हे. बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरणे ज्यांस जमत नाही अशा मुलांविषयी जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १९०२ सालीच लंडन येथे व्याख्याने दिली होती. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, या मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ इतरांप्रमाणेच होते, पण सरासरीने सुमारे तीन वर्षे मागून. म्हणजे घोडा दौडू लागला आहे आणि लगाम अजून वळला जात आहे! ही अवस्था पुष्कळदा वंशपरंपरेने येते. तेव्हा मुलावर संतापणाऱ्या पित्याने आपले बालपणही एकदा आठवून पाहावे.

मनावर अतिभार झाला म्हणजे देह लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीस लागतो. हृदय जलद चालते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात, आणि सारासार विचार मागे पडतो. त्या घटकेस केलेला उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. छडीने तर भयात भरच पडते. आणि आपण मुळातच वाईट आहोत, ही एकच गोष्ट मूल त्यातून शिकते.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील एलीया संदेष्ट्याची कथा आपणांस ठाऊक आहे. ईजबेल राणीच्या भयाने तो रानात पळाला आणि एका झुडुपाखाली मरण मागत निजला. देवाने तेथे त्याची कानउघाडणी केली नाही. देवदूताने त्यास दोनदा उठवून भाकर व पाणी दिले, आणि मध्ये पुन्हा झोपू दिले. देवाने त्यास प्रश्न विचारला तो पुढे, होरेब डोंगरावर. आणि तेथेही देवाची वाणी वादळात वा भूकंपात नव्हती, ती मंद होती.

घरातही हाच क्रम असावा. बांध फुटला म्हणजे गर्दी हटवावी, टीव्ही व मोबाइल बंद करावेत, एकानेच जवळ बसावे आणि आवाज खाली आणावा. थंड पाण्याने तोंड धुवावयास द्यावे. श्वास घेताना चार व सोडताना सहा अंक मोजावेत. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. कोणास कळशीभर पाणी आणल्याने, कोणास शेताच्या बांधावरून फेरी मारल्याने बरे वाटते. शिस्त नको असे आम्ही म्हणत नाही; तिची वेळ मूल शांत झाल्यावर, खाऊनपिऊन झाल्यावर येते. तेव्हाही एका वेळी एकच गोष्ट सांगावी. निजण्याची व जेवणाची वेळ नेमलेली असेल, तर असे प्रसंग मुळातच कमी येतील.

आपल्या रोझरीविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लॅटिन भाषेतील 'नमो मारिया' म्हणताना, तसेच योगमंत्र म्हणताना, श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो व हृदयाचे नियमन सुधारते, असे त्यात आढळले. रोझरी हे या अवस्थेवरील औषध आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चंचल मुलास पाचही दशकांसाठी गुडघ्यांवर जखडून ठेवू नये. आईचा हात धरून, अंगणात चालता चालता, एक दशक सावकाश म्हटले तरी पुरे.

आणि डॉक्टरांस दाखविण्यास लाजू नये. औषध घेणे ही श्रद्धेतील उणीव नव्हे. तापात गोळी घेताना आपण असे कधी म्हणत नाही. आमच्या सीमाभागातील कुटुंबांस धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, बेंगळूरुस निम्हान्स आहे. २०२२ पासून सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

या आठवड्यात घरात बांध फुटेल तेव्हा पहिली दहा मिनिटे कोणीही जाब विचारू नये, एवढाच नेम करावा. दमलेल्या मातेनेही त्या वेळी घोटभर पाणी प्यावे. एलीयाची भाकर तिच्यासाठीही आहे. प्रभू आपल्या घरांस शांती देवो.