विमान इंधनावरची करसवलत मागे घ्या

2015 च्या दुष्काळात राज्य सरकारने निधी उभा करण्यासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. दारू, सिगारेट आणि सोन्यावरचा करही वाढवला. विमानाचे इंधन त्या यादीत नव्हते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाने मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरताना स्वतःच्याच दुष्काळाचा कर भरला. मुंबई-दिल्ली विमानप्रवासाला मात्र त्याची झळ लागली नाही.

पुढे 2023-24 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधील विमान इंधनावरचा व्हॅट 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. बीडच्या पंपावर पेट्रोलला 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे पडतात. हा अन्याय आहे. ती सवलत मागे घ्यावी, आणि येणारा पैसा दुष्काळी जिल्ह्यांतील पाणी व रेल्वेसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. वेगळ्या खात्याचा आग्रह अशासाठी की 2015 चा दुष्काळ सरला, तरी पेट्रोलवरचा अधिभार सरला नाही.

इंधन हा विमान कंपनीच्या खर्चाचा तीस-चाळीस टक्के भाग असतो. त्या हिशेबाने सात टक्के कर वाढला, तर पाच हजारांचे तिकीट शंभरेक रुपयांनी महागेल. तेवढ्याने कोणाचा प्रवास अडणार नाही. खासगी आणि भाड्याच्या विमानांवर तर याहून जास्त कर हवा. तिथे एकेका प्रवाशामागे कितीतरी पट इंधन जळते.

कर वाढवला की कंपन्या शेजारच्या राज्यात टाक्या भरतील, हा आक्षेप खरा आहे. पण म्हणून राज्यांनी एकमेकांपेक्षा दर उतरवत जायचे का? सर्व राज्यांनी मिळून किमान दर ठरवावा. विमान इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, तोवर हा अधिकार राज्यांच्या हाती आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर कर लावायला 1944 च्या शिकागो कराराची आणि देशादेशांमधल्या करारांची आडकाठी आहे. देशांतर्गत उड्डाणांबाबत ती नाही. फ्रान्स तर 2006 पासून विमान तिकिटावर कर घेऊन गरीब देशांतील औषधोपचारांना पैसा देतो.

जगातल्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. थोडा वाटतो, पण तो फार थोड्या लोकांचा आहे. फडावर कोयता घेऊन जाणाऱ्या आमच्या ऊसतोड कुटुंबांचा त्यात काहीच वाटा नाही. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावते, पाऊस लहरी होतो, आणि त्याचे नुकसान याच कुटुंबांच्या वाट्याला येते. सप्टेंबर 2025 मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली.

बीडला विमानतळ हवे म्हणणाऱ्यांनीही घाबरू नये. उडान योजनेतल्या छोट्या मार्गांना सवलतीचा दर आहे, तो तसाच राहू द्यावा. मात्र आमची खरी निकड रेल्वेची आहे. 1995 मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावरची गाडी बीडला पोहोचायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. परळीपर्यंतचे काम आता पैशावाचून अडू नये. जिल्ह्यातील सर्व आमदारांनी, पक्ष कोणताही असो, येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात करसवलत मागे घेण्याची ही मागणी मांडावी.

– एक शेतकरी वाचक, पाटोदा (जि. बीड)