खेळ नव्हे, पेटी बंद करा

गेल्या रमजानच्या आधीच्या जुम्याला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मोबाइल गेमवर बयान झाले. मौलाना म्हणाले, मोबाइलवरचे सगळेच गेम हराम, त्यात अक्कलही जाते आणि ईमानही. बाहेर पडताना चपला शोधत होतो, तेवढ्यात शेजारचे चाचा म्हणाले, "सर, तुम्ही शाळेत सांगा जरा पोरांना. तुमचं ऐकतात." मी मान डोलावली. रात्री इशा पढून खोलीवर आलो, दाराला कडी लावली आणि गेम उघडला.

ही कबुली आधी दिलेली बरी. मी पंचेचाळीस वर्षांचा, बी.एड. झालेला, उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहतो, शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडतो. २०२० च्या टाळेबंदीत मुलाने मला एक खेळ शिकवला. हजारो माणसे एकाच वेळी ऑनलाइन येतात, प्रत्येकजण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी जादूगार, आणि टोळी करून मोहिमा पार पाडतात. तेव्हापासून मी टोळीतला वैद्य आहे. लढणाऱ्यांच्या जखमा भरणे हे माझे काम.

उर्दू वाचणाऱ्याला यात नवे काय वाटणार? लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड निघू लागले. त्यात तिलिस्म आहे, अय्यार आहेत, आणि अम्र अय्यारची ती झंबील आहे, जिच्यात अख्खे शहर मावते तरी खांद्याला भार होत नाही. माझ्या पात्राच्या पाठीवर तशीच एक पिशवी आहे. मुलाला मी झंबीलची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "अब्बू, ये तो इन्वेंटरी है." त्यानंतर त्याने दास्तान ऐकायला मागितली. वर्गात वर्षभर घसा कोरडा करून जे झाले नव्हते, ते त्या एका पिशवीने केले.

या खेळांत चांगले काय, ते नीट सांगतो, कारण आपल्याकडे ते कुणी सांगतच नाही. आमच्या टोळीत चाळीसेक माणसे आहेत. एक इंडोनेशियातला, एक केरळची नर्स, दोघे कराडचे, एक इचलकरंजीचा पोरगा. मोहिमेत एकाने जरी घाई केली तर चाळीसही मरतात. तिथे जात, जमात, पगार कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच, की वेळेवर येतोस का आणि दिलेले काम करतोस का. माझ्या शाळेतला आठवीचा एक मुलगा वर्गात उभा केला की अडखळतो, पहिले अक्षरच निघत नाही. तो त्याच्या टोळीचा म्होरक्या आहे. रविवारी त्याला मी हेडफोन लावून हुकूम देताना ऐकले. "दाहिने हटो, पीछे वालों, रुको." एकदाही अडखळला नाही.

नॉर्वेतल्या मात्स स्टीनची हकीकत अनेकांनी माहितीपटात पाहिली असेल. स्नायू झिजत जाणारा आजार, चाकाची खुर्ची, आणि दिवसरात्र 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. आईवडिलांना वाटे, पोर एकटे पडले, त्याला मित्र नाहीत. २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी टाकली आणि देशोदेशीच्या माणसांची पत्रे येऊ लागली. त्याने कुणाला निराशेतून बाहेर काढले होते, कुणाला आपल्या मुलाशी बोलायला शिकवले होते. टोळीतले काहीजण मातीला आले. ज्या खोलीला घरचे कैद समजत होते, तिथे त्याचा भरलेला मोहल्ला होता.

मग माझी तक्रार काय? तक्रार आहे, आणि ती मौलानांच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे.

पहिली तक्रार हजेरीची. सात दिवस रोज या, सातव्या दिवशी बक्षीस. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. शाळेचे मस्टरही इतके कडक नाही. मोहीम कधी ऐन मगरिबला, कधी पहाटे सहरीला. एकाच प्राण्याला चारशे वेळा मारायचे, तेव्हा एक कातडे मिळते. उसाच्या फडात कोयता चालवणाराही संध्याकाळी मोळ्या मोजून मोकळा होतो. इथे फड संपतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे. पण त्याची खूणही नेमकी सांगितली आहे: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. दिवसातून तासभर खेळणारा प्रत्येक पोरगा त्यात बसत नाही.

दुसरी तक्रार पेटीची. खेळात एक बंद पेटी विकत मिळते. पैसे आधी द्यायचे, आत काय आहे ते नंतर कळते. बहुतेक वेळा आत कचरा असतो. क्वचित सोनेरी तलवार निघते. पेटी उघडताना ढोल वाजतो, उजेड फाकतो, आणि तलवार एका घराने हुकली असे दाखवतात. एक पेटी ७९ रुपयांना. तीन वर्षांपूर्वी ईदच्या दिवशी मी मुलाच्या समोर एक घेतली. हसत घेतली. म्हटले, ईदी समज.

महिन्याभराने बायकोच्या भिशीचा नंबर लागला. पैसे खात्यावर आले आणि चार दिवसांनी ४,८१९ रुपये कमी भरले. पोराने अम्मीच्या फोनवरून ६१ पेट्या उघडल्या होत्या. यूपीआयचा पिन त्याला पाठ होता, कारण किराण्याला आम्हीच त्याला पाठवतो. मी हात उगारला. तो भिंतीला टेकून म्हणाला, "अब्बू, तुमने बी तो लिया था."

उगारलेला हात खाली आला. पण अक्कल लगेच आली नाही. मी त्याच्या फोनवरून गेम काढून टाकला, पाच महिने हात लावू दिला नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र तो चालूच होता, हेही लिहितो. पाच महिन्यांत पोराने तलवारीची आठवण एकदाही काढली नाही. तो विचारत होता इचलकरंजीच्या त्या पोराबद्दल: त्याचा बाप यंत्रमागावरून सुटला होता, दुसरीकडे लागला का? शिक्षा मी मैत्रीला दिली आणि जुगाराला सोडून दिले. हीच चूक आज आपली मशीद, आपली शाळा आणि आपले सरकार करीत आहे.

आधी मशिदीचे बोलू. मी आलिम नाही, फतवा माझे काम नाही. पण मदरशात गेलेल्या कुणालाही शतरंजची जुनी चर्चा ठाऊक असते. हनफी मतात शतरंज नापसंत, शाफई मतात अटींवर मुभा: नमाज चुकू नये, तोंडात शिवी येऊ नये, पैज नसावी. दोघांत मतभेद आहे. पण पैज लागली की मतभेद संपतो, तो जुगार, आणि जुगाराची मनाई कुरआनच्या सूरह माइदामध्ये शराबच्या जोडीने आली आहे. म्हणजे आपल्या फुकहांनी हजार वर्षांपूर्वी खेळ वेगळा आणि पैज वेगळी काढून दाखवली. आपण मात्र दोन्ही एका गाठोड्यात बांधून नदीत टाकतो, आणि पोरे गाठोडे काढून घेतात, कारण त्यांना ठाऊक असते की आतला अर्धा माल चांगला आहे. २०१६ मध्ये सौदीच्या ग्रँड मुफ्तींनी बुद्धिबळ हराम असल्याचे सांगितले; २०१७ च्या डिसेंबरात रियाधमध्येच जलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा झाली. सरसकट हराम म्हणण्याची उमर किती, ते यावरून दिसते.

आणि आपण तर सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये इथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, आयुष्य पोरांना पट मांडून देण्यात घातले. बैठा खेळ माणूस घडवतो हे या शहराला कुणी सांगायला नको. पडसलगीकरांच्या पटावर दर चालीला ७९ रुपये मागणारा कुणी उभा नव्हता, एवढाच फरक.

आता सरकार. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, ११८ ॲपच्या यादीत. कारण काय दिले? देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती. आपल्या पोरांची झोप त्यात कुठे नव्हती. पुढच्याच वर्षी तो खेळ नवे नाव घेऊन परत आला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. त्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना आणि साध्या सामाजिक खेळांना उत्तेजन दिले. रमीत घरे बुडालेली मी पाहिली आहेत, मला हा कायदा हवाच होता. पण त्यात पेटीचे नाव नाही. कंपनी म्हणू शकते, तलवार म्हणजे पैसा नव्हे, तेव्हा हा जुगार कसा? मोठ्यांचा जुगार दारातून हाकलला आणि लहान पोरांचा खिडकीतून आत राहिला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा पेट्या २०१८ मध्येच जुगार ठरवल्या. चीनने २०१७ पासून कंपन्यांना, कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करायला लावले.

शक्यतेचे गणित दहावीचे आहे. तलवार निघण्याची शक्यता शंभरात एक धरा. पोराला वाटते, शंभर पेट्या घेतल्या की एक नक्की. तसे होत नाही. शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर पोरांपैकी सुमारे ३७ पोरांच्या हाती तलवार लागतच नाही. ७,९०० रुपये गेलेले असतात. हे गणित मी यंदा वर्गात फळ्यावर मांडले. भाषेचा तास होता, पण मांडले. मागच्या बाकावरून आवाज आला, "क्या सर, तुमे बी खेलते?" म्हटले, "हां, खेलता हूं. पेटी नहीं लेता." बयानाने जे झाले नसते ते त्या उत्तराने झाले, मधल्या सुटीत चार पोरे आपला हिशेब सांगायला आली.

माझ्याबरोबर खेळणारे मोठे लोक म्हणतील, पैसा आमचा, हौस आमची, मास्तरांच्या पोटात का दुखते? दुखते, कारण तुमच्या हौसेकडे पाहूनच तुमचा पोरगा शिकतो. मी ते भरून चुकलो आहे. आणि पेटीशिवाय खेळ चालत नाही, हेही खोटे. 'रूनस्केप' नावाच्या जुन्या खेळात कंपनीने २०१२ मध्ये नशिबाचे चाक आणले, पुढे त्याच जागी दुसऱ्या रूपातली पेटी. खेळाडू वर्षानुवर्षे बोंबलत राहिले. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने विचारले, एक लाख मते पडली तर काढून टाकू. मते पडली. खेळणारेच उठले तर दुकान हलते.

माझे मागणे थोडे आहे. मौलानांनी पुढच्या बयानात पेटीचे नाव घेऊन तिला जुगार म्हणावे. मी पहिल्या सफेत बसेन. कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना पेटी विकायची मनाई यावी, आणि मोठ्यांना विकताना शक्यतेचा आकडा किमतीएवढ्याच अक्षरात छापावा. आईबापांनी पिन पोराला पाठ होऊ देऊ नये, आणि आठवड्यातून एकदा शेजारी बसून विचारावे, तुझ्या टोळीत कोण कोण आहे?

आमच्या घरी नियम एकच आहे, आणि तो बापालाही लागू आहे: खेळायचे, विकत काही घ्यायचे नाही. शनिवारी रात्री साताऱ्यात आम्ही दोघे शेजारी बसतो. त्याच्या योद्ध्याकडे अजून लोखंडाचीच तलवार आहे. इचलकरंजीच्या पोराचा बाप कामाला लागला.