राखणदारावर राखण कोणाची?

शेतकऱ्यानें पिकावर राखण ठेविली आणि राखणदारच कणसें खाऊं लागला, तर दाद कोणापाशीं मागावी? सरकारी कचेऱ्यांच्या बाबतींत हा प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. सरकारी खात्यांतील ब्राह्मण कामगार अक्षरशून्य कुणब्यास कसे नागवितात, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत उघड मांडिलें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर राज्यांतील वंशपरंपरेचीं कुलकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. तें काम थोर होतें. परंतु वतन गेलें म्हणून चावडीवरची अडवणूक गेली काय? आज खुर्चीवर आमच्याच जातीचा भाऊ बसला, तरी फेरफाराची नोंद चिरीमिरीवांचून होत नाहीं, ही तक्रार गांवोगांव ऐकूं येते. माणूस बदलून भागत नाहीं. त्यास जाब विचारणारा पाहिजे.

असा जाबविचार कसा बसवावा, हें स्वीडन देशानें दाखविलें. तेथील विधिसभेंत सरदार, धर्मोपदेशक, शहरवासी व शेतकरी असे चार वर्ग बसत. अंमलदारांवर नजर ठेवणारा एक अधिकारी पूर्वीपासून होता, पण तो राजाचाच नोकर. १८०९ सालीं राजास पदच्युत करून नवी राज्यघटना झाली. तींत विधिसभेनें स्वतः निवडावयाचा ‘ऑम्बुड्समन’, म्हणजे लोकांचा मुखत्यार, नेमण्याचें ठरलें. आजही तेथें कोणीही त्याजकडे तक्रार करावी. तो दप्तर मागवितो, अंमलदारास जाब पुसतो आणि गुन्हा दिसल्यास खटलाही भरूं शकतो.

आपल्याकडे १९७१ सालीं लोकायुक्त व उपलोकायुक्त यांचा कायदा झाला आणि १९७२ सालीं महाराष्ट्रांत ती कचेरी सुरू झाली. त्या कायद्यानें लोकायुक्तास चौकशीचा अधिकार दिला, पण शेवटीं हातांत ठेविली ती केवळ शिफारस. खात्यानें ती मानली नाहीं, तर राज्यपालांस खास अहवाल धाडावा, तो विधिमंडळापुढें यावा, एवढेंच. मुख्यमंत्री तर कक्षेबाहेरच ठेविले. २०२२ सालीं विधानसभेनें व २०२३ सालीं विधान परिषदेनें नवें विधेयक मंजूर केलें, त्यांत मुख्यमंत्र्यांसही घेतलें. परंतु त्यांच्या चौकशीस विधानसभेच्या दोन-तृतीयांश सभासदांची संमति लागावी, अशी मेख मारून ठेविली! ज्याच्या मागें बहुमत, त्याची चौकशी त्याच्याच माणसांच्या मर्जीवर; मग ती व्हावी कशी?

आमचें म्हणणें स्पष्ट आहे. जाब विचारणाऱ्याची नेमणूक सत्ताधाऱ्यांच्या मुठींत नसावी, आणि त्याच्या निकालास कागदापलीकडे धार असावी. मतें मागावयास येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यास, मग तो आपल्या जातीचा असो वा परक्या, हा प्रश्न भर सभेंत विचारा.

तोंवर असलेलें हत्यार गंजूं देऊं नका. बांधवहो, कचेरींत हात जोडून उभें राहण्याचे दिवस सरले. अर्ज दिल्याची पोंच घ्या, तारखा टिपून ठेवा. १९७१ च्या कायद्यानें गाऱ्हाण्यास बारा महिन्यांची मुदत घातली, हें ध्यानांत धरून वेळेवर लेखी तक्रार करा. स्वतःस लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. तिला शिकविली ती याच कामासाठीं.