पाट्यांचे ओझे पाठीवर

नवी पिकअप शोरूमबाहेर पडली की बहुतेक वेळा पहिला मुक्काम देवळापुढे होतो आणि दुसरा पाटेवाल्याकडे. मूळ पाट्यांत आणखी एक-दोन पाटे घातले जातात. कुणी जाड स्प्रिंगचे तयार किट बसवतो, कुणी मागच्या ॲक्सलवर हवेच्या पिशव्या लावून घेतो. माल भरल्यावर गाडी मागून बसू नये, एवढाच हिशेब असतो. गाडी मग बसत नाही, हे खरे. पण काही महिन्यांत दोन तक्रारी सुरू होतात. ‘गाडी मागून फार आपटते’ ही गॅरेजमध्ये आणि ‘कंबर धरली आहे’ ही दवाखान्यात. या दोन्ही तक्रारी एकच आहेत, हे मात्र ना गॅरेजवाला सांगत, ना डॉक्टर विचारत.

पिकअपचे मागचे पाटे मुळातच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बेतलेले असतात. त्यामुळे रिकामी पिकअप नवी असतानाही थोडी उडतेच. त्यात पाटे वाढवले की काय होते, ते साध्या गणिताने कळते. स्प्रिंग वजनाखाली जितकी जास्त दबते, तितके तिचे हेलकावे संथ होतात. समजा, रिकाम्या गाडीच्या वजनाने मागचे पाटे ४ सेंटिमीटर दबतात. अशी गाडी सेकंदाला साधारण अडीच वेळा वरखाली होते. पाट्यांचा ताठपणा दुप्पट केला, तर ते २ सेंटिमीटरच दबतात आणि हेलकावे साडेतीनवर जातात. चौपट केला, तर दबणे १ सेंटिमीटरवर येते आणि हेलकावे पाचवर. शिवाय गंजलेले, कोरडे पाटे एकमेकांवर घासून अडकतात. लहान खड्ड्यावर ते हलतच नाहीत आणि मग टायर हीच काय ती स्प्रिंग उरते. मालासाठी भरलेली जास्तीची हवा परतीच्या वाटेवर कमी केली नसेल, तर तीही कामाला येत नाही.

‘चालक काही मागच्या चाकांवर बसत नाही, मग त्याला काय त्रास?’ असा प्रश्न येईल. मागचा भाग उसळला की अख्खी चौकट तराजूच्या दांडीसारखी हलते. चालकाला खालून धक्का बसतो आणि केबिन पुढे-मागे झुकल्याने धडालाही हिसका बसतो. मागे हौद्यात बसून कामावर जाणारे मजूर तर तो धक्का थेट माकडहाडावर घेतात.

आता शरीराकडे पाहू. प्रत्येक वस्तूचा हलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. झोका योग्य वेळी ढकलला की थोड्या जोरातही उंच जातो, तसेच हे आहे. बसलेल्या माणसाच्या धडाचा ठेका सेकंदाला पाचच्या आसपास असतो. सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातील उभे हादरे माणसाला सर्वांत जास्त जाणवतात. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेले आहे. म्हणजे जास्तीचे पाटे गाडीचा ठेका नेमका माणसाच्या कण्याच्या ठेक्याजवळ आणून ठेवतात. सीटवर जितका हादरा येतो, त्याहून मोठा मणक्यांपर्यंत पोहोचतो.

मणक्यांमधल्या चकत्या या कण्याचे शॉकॲब्सॉर्बर. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब आणि विश्रांती यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या क्रमात तिच्यात पोषक द्रव्ये झिरपतात. तासन्‌तास एकाच जागी बसणे आणि वर सततचे हादरे यांत हा क्रम बिघडतो. पाठीचे स्नायू प्रत्येक धक्क्याला आवळून उत्तर देतात आणि काही वेळाने थकून उशिरा उत्तर देऊ लागतात. मग तो भार चकती आणि बारीक सांध्यांवर पडतो. सर्वाधिक झीज कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांची होते, आणि पायात उतरणारी कळ बहुधा तिथूनच निघते.

कंबरदुखी एकाच कारणाने होत नाही, हे मान्य. वजन उचलणे, वय, तंबाखू, जागरण, मनावरचा ताण यांचाही वाटा असतो. पण हादऱ्यांचा वाटा आता वादाचा राहिलेला नाही. वर्षानुवर्षे बसून झेललेल्या उभ्या हादऱ्यांमुळे होणारा कमरेच्या चकत्यांचा आजार जर्मनीने १९९३पासून व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातला आहे. युरोपीय संघाने २००२मध्ये आठ तासांच्या कामासाठी हादऱ्यांची मर्यादा ठरवली. सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ कधीच ओलांडायचे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१०च्या यादीतही कंपनांमुळे होणारे स्नायू, हाडे आणि सांध्यांचे विकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२०मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत ती पहिली आहे.

आपल्याकडे काय होते? नारायणगावहून टोमॅटो किंवा नाशिकहून भाजी भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअपचा चालक सकाळी माल उतरवतो आणि दुपारपर्यंत रिकामी गाडी घेऊन परततो. जास्तीच्या पाट्यांचा जो काही उपयोग असेल, तो भरल्या फेरीत. निम्मा प्रवास रिकाम्या गाडीचा, आणि त्या निम्म्या प्रवासात तेच पाटे त्याच्या कमरेवर उठतात. कंबर दुखली की मेडिकलमधून गोळी, अधूनमधून इंजेक्शन, मग पट्टा. पट्टा खालून येणारा हादरा थांबवत नाही. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना धोका असतो. लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या चालकाला तो अधिक. एमआरआयमध्ये सरकलेली चकती दिसते, पण तशी ती काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही दिसते. कारण चाकांजवळ असते आणि शोध फिल्मवर चालतो.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. जोडलेले पाटे काढून मूळ संख्येवर आणणे हा पहिला. शॉकॲब्सॉर्बर गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. पाटे जाड आणि शॉकॲब्सॉर्बर थकलेला, ही जोडी सर्वांत वाईट. किट बसवून गाडी उंच केली असेल, तर शॉकॲब्सॉर्बरची लांबी त्या उंचीला जुळते का, हे पाहायला हवे. नाही तर तो दर खड्ड्याला टोकाला जाऊन आपटतो. शॅकलचे बुश जाम आहेत का, पाटे कोरडे घासतात का, हेही तपासावे. टायरमधील हवा भरल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगवेगळी असते. कंपनीने दिलेले आकडे दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतात. सीटचा बसलेला फोम बदलणे हा उपाय महिन्याभराच्या गोळ्यांहून अधिक काम करू शकतो.

चालकाने एवढे जरूर करावे. दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. मुक्कामी पोहोचताच लगेच क्रेट उचलू नयेत. तासन्‌तास हादरलेली कंबर त्या वेळी सर्वांत कच्ची असते. दहा मिनिटे चालून मगच वजनाला हात लावावा. पायातली ताकद कमी झाली, पाऊल लटपटू लागले, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना, विशेषतः बायकांना, मागच्या चाकांच्याही मागे बसवू नये. बस असो वा जीप, गतिरोधकावरच्या एका आदळण्याने मणका पिचू शकतो.

पण सगळा दोष चालकाच्या माथी मारणे सोपे आणि अन्यायाचे आहे. तो हौसेने पाटे वाढवत नाही. दीड टनाच्या गाडीत २० किलोचे ७५ क्रेट बसतात. शंभर चढवले की दोन टन होतात. भाडे क्रेटवर ठरते, हप्ता महिन्यावर आणि डिझेल रोजच्या भावावर. ‘शंभर नेणार नसशील तर दुसरा आहे’ असे ऐकल्यावर चालकाला पाटेवाल्याशिवाय दुसरी वाट दिसत नाही. पाटे वाढले तरी ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेवढेच राहतात. गाडी सरळ उभी दिसते म्हणून ती झेपते, हा समज घाटात जीव घेतो.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. तो रस्त्यावर चालकाच्या हातून वसूल होतो. माल चढवायला लावणारा व्यापारी गाळ्यातच असतो. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना. स्वतःच्या एका गाडीवर पोट असलेला चालक त्याच्या बाहेर राहिला. याच महाराष्ट्राने १९६९मध्ये माथाडी कायदा करून पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या कष्टाला नाव आणि संरक्षण दिले. तोच माल रात्रभर कमरेने झेलत नेणाऱ्याला ते मिळालेले नाही.

म्हणून काही गोष्टी व्हायला हव्यात. सरकारी रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘व्यवसाय : चालक’ एवढे लिहून भागू नये. गाडी कोणती, किती तास, किती भार, पाटे वाढवलेत का, हे चार प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही. योग्यता प्रमाणपत्र देताना मागच्या पाट्यांची संख्या मूळ आहे का, हे मोजले जावे. जादा भाराचा दंड माल भरणाऱ्याकडूनही वसूल व्हावा. बाजार समित्यांच्या आवारात माल आणि गाळे यांची सोय आहे; चालकांच्या पाठीच्या तपासणीला आठवड्यातून एक दिवस मिळणे अशक्य नाही.

चाळिशीत कंबर गेलेला चालक गाडी विकतो, तेव्हा घरातली एकमेव कमाई थांबते. ‘त्याची पाठच नाजूक होती’ असे म्हणून तो विषय मिटवला जातो. पाठ नाजूक नव्हती. तिच्याकडून पाट्यांचे काम करून घेतले गेले.