बरोबर निर्णय, चुकीचा हात

रेफरीचा निर्णय बरोबर असूनही एखाद्या टीमवर अन्याय होऊ शकतो का? माझं उत्तर, हो. आणि "शेवटी निर्णय बरोबरच होता ना, मग रडता कशाला?" हा जो युक्तिवाद आहे, तो खेळातला सगळ्यात आळशी युक्तिवाद आहे. आज त्यावरच लिहायचंय.

मी बोलतोय ते ६ ऑक्टोबर २०१९ च्या एनआरएल ग्रँड फायनलबद्दल. एनआरएल म्हणजे ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची सगळ्यात मोठी स्पर्धा. सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबेरा रेडर्स. रूस्टर्स आदल्या वर्षीचे विजेते, पैशाने आणि स्टार खेळाडूंनी भरलेली टीम. रेडर्सनी शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं १९९४ मध्ये. म्हणजे २५ वर्षं वाट बघणारं अख्खं शहर एका बाजूला.

आपल्याकडे बऱ्याच जणांना रग्बी म्हणजे एकच खेळ वाटतो. तसं नाहीये. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी मूळ संघटनेतून फुटून वेगळी चूल मांडली. कारण साधं होतं: खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंचा मॅचसाठी बुडणारा रोज भरून द्या, ही मागणी. त्यातून पुढे रग्बी लीग घडलं. यातला महत्त्वाचा नियम एवढाच लक्षात ठेवा: बॉल असलेल्या टीमला ६ टॅकल मिळतात. सहाव्यांदा पाडलं की बॉल समोरच्याला. म्हणून पाच टॅकल झाले की टीम साधारणपणे बॉल किक करते, म्हणजे निदान समोरच्याला लांब ढकलता येतं किंवा गोलपोस्टमधून ड्रॉप किक मारून १ पॉइंट तरी घेता येतो. पण मध्येच समोरच्या टीमने बॉल खेळायच्या प्रयत्नात हात लावला आणि बॉल परत तुमच्याकडे आला, तर मोजणी पुन्हा शून्यावर. रेफरी डोक्यावर हात फिरवून खूण करतो. यालाच 'सिक्स अगेन' म्हणतात. आपल्या भाषेत, ओव्हर पुन्हा पहिल्या बॉलपासून सुरू!

आता प्रसंग बघा. स्कोअर ८-८. मॅच ८० मिनिटांची, ७२ वं मिनिट चालू. रेडर्सनी शेवटच्या टॅकलवर उंच किक मारली, हवेत झटापट झाली, बॉल परत रेडर्सकडे आला. रेफरी बेन कमिन्स यांनी हात वर करून फिरवला. सिक्स अगेन! पुढच्या काही क्षणांत त्यांचं मत बदललं, कारण बॉल रूस्टर्सच्या नाही, रेडर्सच्याच खेळाडूला लागून आला होता. त्यांनी ओरडून 'शेवटचा टॅकल' असं सांगितलं. पण रेडर्सच्या जॅक वायटनने हात बघितला होता. सहा टॅकल हातात आहेत या हिशोबाने तो बॉल घेऊन शांतपणे टॅकलमध्ये गेला. उठून बघतो तर बॉल रूस्टर्सला! त्यांनी त्याच सेटमध्ये मैदान पार केलं, जेम्स टेडेस्कोने ट्राय केला, आणि मॅच १४-८ अशी संपली. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल मिळालं कोणाला? वायटनलाच. नशीब म्हणतात ते हे.

आता बचाव. एनआरएलचे तेव्हाचे फुटबॉल विभागप्रमुख ग्रॅहम अ‍ॅनस्ली यांची भूमिका थोडक्यात अशी: खूण चुकली हे दुर्दैव, पण बॉल रेडर्सला लागला होता, म्हणजे शेवटी दिलेला निर्णय योग्य. सहा टॅकल दिले असते तर ती मोठी चूक झाली असती.

यातलं पहिलं वाक्य मला १००% मान्य आहे. बॉल रेडर्सलाच लागला होता. वाद त्यावर नाहीच. वाद यावर आहे, की रेफरीचा हात म्हणजे नक्की काय?

रेफरीचा हात ही कॉमेंट्री नव्हे. "मला असं असं वाटतंय बुवा" असं तो सांगत नसतो. तो खेळाडूंना सांगत असतो की या क्षणापासून जग असं आहे, याप्रमाणे वागा. ८० हजारांवर लोक बोंबलत असताना ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून तर हाताच्या खुणा आहेत! तेव्हा "वायटनने ऐकायला हवं होतं" म्हणणाऱ्यांनी आधी एकदा वानखेडेवर जाऊन शेजारच्याशी गप्पा मारून दाखवाव्यात.

क्रिकेटमध्ये कल्पना करा. शेवटची ओव्हर, अंपायरने नो-बॉलचा हात बाहेर काढला. बॅट्समनने ते बघून निर्धास्तपणे बॉल हवेत उचलला आणि कॅच दिला. मग अंपायर म्हणतो, "अरे नाही, पाय रेषेच्या मागेच होता. आउट." पाय मागे होता हे खरं असेलही. पण तो फटका मारायला लावला कोणी?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं आहे. तिकिटाच्या साइटने स्क्रीनवर 'कन्फर्म्ड' दाखवलं. तुम्ही त्या भरवशावर दुसरं तिकीट कॅन्सल केलं, बॅग भरली, स्टेशनवर पोचलात. तिथे कळलं की वेटिंग. कस्टमर केअर म्हणतो, "सर, आमच्या डेटाबेसमध्ये पहिल्यापासून वेटिंगच होतं, स्क्रीनवर चुकून आलं." डेटाबेस बरोबर आहे हो! पण माझी दुसरी गाडी गेली त्याचं काय? सिस्टिम रोलबॅक करू शकते, माणसाने तिच्यावर विसंबून केलेली कृती रोलबॅक होत नाही. वायटनने टाकलेलं ते पाऊल असंच आहे.

यावर कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये तरी कुठे धड आहे? खरंय. पण निदान विचार केलेला आहे. डीआरएसचा नियम बघा. अंपायरने आउट दिलं की त्या क्षणी बॉल डेड. रिव्ह्यूमध्ये नॉट आउट ठरलं तरी त्यानंतरच्या रन मिळत नाहीत. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशच्या महमुदुल्लाला एलबीडब्ल्यू दिलं, बॉल मात्र पायाला लागून बाउंड्रीपार गेला होता. रिव्ह्यूमध्ये तो वाचला, चार लेगबाय मात्र गेले. बांगलादेश हरलं ते बरोबर ४ रननी! बांगलादेशी लोकांचा संताप मी समजू शकतो. पण त्या नियमामागचं तत्त्व पक्कं आहे: चुकीची खूण झाली की तिथून पुढे जे घडलं ते धरायचं नाही, कारण मैदानावरचे लोक त्या खुणेप्रमाणे वागत होते. मग हेच तत्त्व सिडनीत लावा. चुकीच्या खुणेनंतर वायटनला पडलेला टॅकल धरायचा नाही. मत बदललं की शिट्टी वाजवा, घड्याळ थांबवा, दोन्ही कॅप्टनना सांगा की माझी चूक झाली, बॉल रेडर्सकडे, शेवटचा टॅकल बाकी. अर्ध्या मिनिटाचं काम. मग रेडर्स किक मारोत, पॉइंट घेवोत नाहीतर बॉल घालवोत. जे होईल ते त्यांचं. नियमात अशी सोय नसेल तर ती करा.

"यात रेडर्सना विनाकारण श्वास घ्यायला मिळाला असता" हा आक्षेप येणार. मिळाला असता, आणि तेवढाच रूस्टर्सच्या बचावालाही. शिवाय किंमत कोणीतरी मोजणारच असेल, तर ती खुणेवर विश्वास ठेवणाऱ्याने का मोजायची?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एका खुणेने मॅच हरत नाहीत. मान्य. रूस्टर्सचा कूपर क्रॉंक १० मिनिटं बाहेर बसला होता, तेव्हा रेडर्सना एकही ट्राय करता आला नाही. टेडेस्कोला अडवणंही त्यांचंच काम होतं. (तसं मोजायचं तर सुरुवातीला किक अडवल्यावर बॉल रूस्टर्सच्याच ट्रेनरला जाऊन लागला, स्क्रमही रूस्टर्सनाच मिळाला आणि थोड्याच वेळात पहिला ट्राय त्यांचा झाला, हेही मोजा!) पण मी रेडर्स जिंकले असते असं म्हणतच नाहीये. कदाचित एक्स्ट्रा टाइममध्ये हरलेही असते. हरायचा हक्कसुद्धा स्वतःच्या निर्णयाने बजावता आला पाहिजे, एवढंच.

कमिन्स यांच्यावर माझा राग नाही. क्षणार्धात बघून हात वर करायचा, आणि चूक लक्षात आल्यावर ती सुधारायची, दोन्ही माणसाचीच लक्षणं. राग आहे तो सूटबूट घालून नंतर समर्थन करणाऱ्या व्यवस्थेवर. २०२० मध्ये एनआरएलने दोनाऐवजी एकच रेफरी ठेवला, कॅप्टनना चॅलेंजची सोय दिली, आणि टॅकलनंतरच्या चुकांसाठी पेनल्टीऐवजी 'सिक्स अगेन' द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्या खुणेने फायनल गढूळ झाली, तीच खूण आता मॅचमध्ये कितीतरी जास्त वेळा होते! मग ती पाळण्याची जबाबदारी वाढायला नको?

ऑफिसात, बँकेत, सरकारी खिडकीवर, सगळीकडे हेच चालतं. 'अंतिम नोंद बरोबर आहे' म्हणून फाइल बंद. मधल्या वेळात तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून जो चालला, तो खड्ड्यात. चूक झाली तर सुधारा, जरूर सुधारा. पण सुधारताना, तुमच्या चुकीवर विश्वास ठेवून जो एक पाऊल पुढे गेला, त्याला आधी मागे आणून उभं करा. मग घड्याळ सुरू करा.