प्रकाशाचा गज

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहिण्याची आपल्याकडे वहिवाटच आहे. पणत्या आणि आकाशकंदील यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितोच. मी यंदा वाचकांना एका निराळ्याच दिव्याची ओळख करून देणार आहे. हा दिवा मंगळाभोवती फिरत, सेकंदाला दहा वेळा, वर्षानुवर्षे लुकलुकत होता. मोजणे हे त्याचे एकच काम. आणि त्या मोजण्याने एका अख्ख्या ग्रहाचा नकाशा नव्याने काढला गेला.

पण त्याआधी एका चेहऱ्याची हकीकत सांगितली पाहिजे. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या व्हायकिंग-१ या यानाने मंगळावरील सायडोनिया नावाच्या प्रदेशाचे छायाचित्र पाठवले. त्यात एका टेकडीवर चक्क माणसाचा चेहरा दिसत होता. डोळे, नाक, तोंड सारे जिथल्या तिथे! हा ऊनसावलीचा खेळ आहे, असे शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले. पण ऐकतो कोण? मंगळावरच्या कोणा प्राचीन लोकांनी ही मूर्ती कोरली, असे छातीठोकपणे सांगणारे निघाले. दोरीला साप समजण्याचा दाखला आपले वेदान्ती देतात. इथे टेकडीला माणूस समजले गेले, एवढाच फरक.

यात छायाचित्राला दोष देता येणार नाही. ऊन कुठे पडले आणि सावली कुठे, एवढेच ते सांगू शकते. समोरचा काळा डाग हा खड्डा आहे, की नुसताच काळा दगड, हे त्याला कसे कळावे? म्हणून पूर्वीच्या मंगळाच्या नकाशांत उंचीच्या आकड्यांत किलोमीटरभराची चूक सहज राहून जाई. पुण्याहून निघालेल्या माणसाला वाटेत चढ आहे की उतार, हे ठाऊक नसावे, तशातलीच ती गत.

तेव्हा उंची मोजायची कशी? आडाची खोली अजमावण्यासाठी आपण वरून खडा टाकतो आणि ‘डुबुक्’ आवाज यायला किती वेळ लागला ते पाहतो. युक्ती तीच, फक्त खड्याच्या जागी लेसर किरणाची एक ठिणगी घ्यायची. यान मंगळापासून सुमारे ४०० किलोमीटर वर. तिथून ठिणगी खाली सोडली, की ती जमिनीवर आपटून परत येते. जाऊन-येऊन ८०० किलोमीटरांचा हा प्रवास सेकंदाच्या तीन सहस्रांशांहूनही कमी वेळात आटोपतो. जमीन एक मीटर उंच असली, तर ठिणगी सेकंदाच्या पंधरा कोटीव्या भागाइतकी लवकर परतते. तेवढा फरक टिपणारे घड्याळ बरोबर असले, म्हणजे झाला आपला प्रकाशाचा गज तयार!

हा गज घडवण्याच्या कामाचे प्रमुख होते नासाच्या गॉडर्ड केंद्रातले डेव्हिड स्मिथ, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे मारिया झुबर. झुबरबाई मूळच्या पेन्सिल्व्हेनियाच्या. त्यांचे आजोबा कोळशाच्या खाणीत राबणारे; दिवस जमिनीखाली जायचा, पण नाद मात्र आकाशाचा. तो नाद नातीने उचलला. पुढे एमआयटी या नामांकित संस्थेत विज्ञानाच्या एखाद्या विभागाचे प्रमुखपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

पहिला प्रयत्न मात्र साफ बुडाला. सप्टेंबर १९९२ मध्ये ‘मार्स ऑब्झर्व्हर’ हे यान हा गज घेऊन निघाले. अकरा महिने प्रवास झाला, मुक्काम तीन दिवसांवर आला, आणि २१ ऑगस्ट १९९३ ला यान गप्प झाले ते कायमचेच. वर्षानुवर्षांची मेहनत अशी काठाशी येऊन बुडाली, तर माणसाने काय करावे? या मंडळींनी गज पुन्हा बांधला. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानावर तो पुन्हा निघाला आणि पुढच्या सप्टेंबरात मंगळावर सुखरूप पोचला.

मला स्वतःला या साऱ्यात सर्वांत आवडलेला भाग म्हणजे हिशेबाचा ताळा. जमीन यानापासून किती खाली, हे ठिणगी सांगते. पण यान स्वतः नेमके कुठे आहे? त्यातच चूक झाली, तर पुढचे सगळे आकडे फुकट. यानाच्या फेऱ्या एकमेकींना ठिकठिकाणी छेदतात. त्या छेदाच्या जागी जमीन एकच, तेव्हा दोन्ही फेऱ्यांची उंचीही एकच यायला हवी. नाही आली, तर यानाच्या वाटेच्या गणितात कुठेतरी खोट आहे. अशा असंख्य छेदांवर आकडे जुळवत मंगळाचे खाते चोख करण्यात आले. आपल्याकडचा जुना कारकून दोन पैशांच्या फरकासाठी रात्र जागवायचा, त्याच जातीचे हे काम! सुमारे ६४ कोटी मापे याप्रमाणे जमली.

त्यातून काय दिसले? ऑलिंपस हा ज्वालामुखी सुमारे २१ किलोमीटर उंच. दक्षिणेकडचे हेलास खोरे सुमारे २,३०० किलोमीटर रुंद आणि काठापासून नऊ किलोमीटर खोल. आपले एव्हरेस्ट त्यात ठेवले, तर शिखर जेमतेम काठाशी येईल. दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा सहा किलोमीटरांनी उंच निघाला. म्हणजे मंगळावर एके काळी पाणी वाहिले असेल, तर त्याची धाव बहुतांशी उत्तरेकडे असणार. तिथे कधीकाळी समुद्र होता काय, हा वाद मिटलेला नाही. पण वाद घालायला आता पायाखाली पक्की जमीन आहे. हिवाळ्यात ध्रुवाजवळ कार्बन डायऑक्साइडचे बर्फ साठते आणि उन्हाळ्यात उडून जाते. त्या दीड-दोन मीटरांच्या थराची चढउतारसुद्धा या गजाला कळली! आणि सायडोनियाचा चेहरा? उंचीच्या आकड्यांत डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. एक झिजलेली टेकडी, बस्स.

कोणी म्हणेल, हे आकडे कोणाच्या कामाचे? मंगळाची हवा आपल्या हवेच्या एका शतांशाहूनही विरळ. हवाई छत्रीला त्या हवेत वेग मोडायला पुरेशी उंची मिळाली नाही, तर यान जमिनीवर आदळून चक्काचूर होणार. म्हणून उतरण्याची जागा पुरेशी सखल हवी. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन गाड्या मंगळावर उतरल्या. त्यांच्या जागा निवडताना मंगळाच्या शून्य पातळीपेक्षा किमान १.३ किलोमीटर सखल जमीनच हवी, असा दंडक होता. आणि ती सखल जमीन कुठे, हे या गजाने सांगितले. किलोमीटरभराच्या चुकीचा जुना नकाशा हाती असता, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

या गजाचा आणखी एक गुण म्हणजे तो आपला उजेड आपणच घेऊन जातो. २२ ऑक्टोबर २००८ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आपले चांद्रयान-१ श्रीहरिकोट्याहून निघाले. त्यावरही असे लेसर यंत्र होते, आणि चंद्राची काळोखी बाजूसुद्धा ते मोजू शके. पुढच्याच वर्षी नासाने ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या यानावर आणखी सूक्ष्म यंत्र पाठवले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर शॅकल्टन नावाचे विवर आहे. २१ किलोमीटर रुंद, चार किलोमीटर खोल. तळाशी सूर्य कधीच पोचत नाही. तिथली जमीन कशी आहे, हे स्मिथ-झुबर मंडळींनी २०१२ मध्ये काळोखात दिवा टाकून, काठी टेकत चालावे तसे, मोजून सांगितले.

मंगळावरचा दिवा त्याआधीच, ३० जून २००१ रोजी, विझला. एक भाग निकामी झाला आणि ठिणग्या थांबल्या. पण परतलेली ठिणगी टिपणारा डोळा शाबूत होता. सप्टेंबर २००५ मध्ये गॉडर्डच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून दुर्बिणीतून लेसरच्या ठिणग्या मंगळाकडे सोडल्या, आणि आठ कोटी किलोमीटरांवर फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्या यंत्राने त्या ओळखल्या. त्याचा स्वतःचा दिवा जाऊन तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.